गाठीचा मुकादम

आमच्या ह्यांना चौदा दिवस एक गोळी गिळू नका म्हणून सांगितलं होतं. डोंगर चढायला सांगितलं नव्हतं की विहीर खणायला सांगितलं नव्हतं. तेवढंही ह्या माणसाकडून झालं नाही. बरं, झालं नाही तर नाही म्हणावं! उलट मला साक्षीदार करून डॉक्टरणीपुढं बसवली, आणि मीही पदर सावरून साक्ष दिली. सहासष्ट वर्षांत मला खोटी पाडायची गावात कुणाची छाती झाली नाही. ते काम घरातल्यानंच केलं.

मी इंदूबाई, माणची. आमच्या गावात पूर्वी भात पिकायचा, आता खोल्या पिकतात. कंपन्या आल्या, रानं गेली. वतनातला जो तुकडा राहिला त्यावर आम्ही घर बांधलं. खाली आम्ही, वर चार खोल्या भाड्यानं. भाडेकरू कोण ठेवायचा ते मी ठरवते, पाणी किती वाजता सोडायचं ते मी ठरवते, आणि जिन्यात चपला कुठल्या बाजूला काढायच्या तेही मीच सांगते. मालकांचं नाव सोपान. त्यांच्याकडं एकच काम, रोज सकाळी सातला गच्चीवर जाऊन टाकी भरली का ते बघायचं. तेही त्यांनी मागून घेतलेलं, मी दिलेलं नाही.

ह्यांच्या पोटात बारा वर्षं जळजळ. एकदा मेडिकलवाल्यानं गोळी दिली, सकाळी उपाशीपोटी घ्या म्हणाला. ती लागू पडली, आणि मग तोंड धुण्यासारखी रोजची झाली. किती दिवस घ्यायची हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही नाही. गोळी घेतली की माणूस कुरकुरत नव्हता, मला तेवढं पुरे होतं. ह्या जानेवारीत मात्र शी डांबरासारखी काळी व्हायला लागली आणि जिना चढताना धाप. माझा मुलगा अभय कंपनीच्या गाडीवर ड्रायव्हर आहे. त्यानं गाडीत घालून बावधनच्या दवाखान्यात नेलं. तिथं तोंडातून नळी घालून आत बघितलं. पोटाच्या आतल्या भिंतीवर गाठ निघाली. एकच, करवंदाएवढी. तिचा बारीक तुकडा काढून तपासला, तर जात कॅन्सरची.

तिथली डॉक्टरीण अपेक्षा नावाची, लातूरकडची, माझ्या सुनेच्या वयाची. आमच्यासारख्यांना समजावून सांगायचा तिला कंटाळा नाही. तिनं कागदावर पोट काढलं, आमच्या परसातल्या भोपळ्यासारखं.

"आजी, घास पोटात पडला की पोटाच्या ह्या खालच्या भागातून एक रस रक्तात सुटतो. गॅस्ट्रिन म्हणतात त्याला. तो रक्तातून फिरून वरच्या भिंतीपाशी येतो आणि सांगतो, जेवण आलंय, आम्ल सोडा."

"म्हंजी मुकादम," मी म्हणाले.

ती हसली. "मुकादमच म्हणा. आणि हा मुकादम नुसतं काम सांगत नाही, माणसंही वाढवतो. त्याचा हुकूम फार दिवस फार जोरात चालला की भिंतीतल्या पेशी वाढायला लागतात. वाढता वाढता त्यांची गाठ होऊ शकते."

"मग ह्यांची त्यानंच झाली का?"

"तेच बघायचंय. रक्तात हा मुकादम खूप सापडला, तर गाठ त्याच्या जोरावर वाढलीय असं समजायचं. ती बहुतेक वेळा गरीब असते, सावकाश वाढते, दुर्बिणीतूनच काढता येते. पण मुकादम नेहमीएवढाच असला आणि तरी गाठ वाढलीय, तर ती कुणाच्या सांगण्यावरून वाढत नाही, आपल्या मनानं वाढते. ती वाईट. तिला वेळ द्यायचा नसतो. मोठं ऑपरेशन करून पोटाचा बराच भाग काढावा लागतो."

मग तिनं पेन खाली ठेवलं आणि गोळीचं सांगितलं. गोळी आम्ल बंद करते. आम्ल दिसेना झालं की मुकादम आणखी ओरडतो, म्हणून गोळी चालू असताना रक्त तपासलं तर आकडा मोठा येतो आणि तो फसवा असतो. चौदा दिवस एकही गोळी नको. बारा वर्षांची सवय सोडल्यावर सुरुवातीला जळजळ उलट जास्त होईल, फारच झाली तर गुलाबी पातळ औषध दोन चमचे. तेही तपासणीच्या आदल्या दिवशी बंद.

ग्रामसभेत भिंतीला टेकून घोरणारा आमचा माणूस त्या दिवशी पुढं सरकून, मान वाकडी करून एकेक शब्द ऐकत होता. "म्हंजी गोळी घेतली की आकडा मोठा," असं त्यांनी एकदा विचारूनही घेतलं. मला केवढं कौतुक वाटलं! म्हटलं, जिवावर बेतलं तेव्हा का होईना, अक्कल आली.

"आजोबांना जमेल ना?" डॉक्टरणीनं विचारलं.

"त्यांचं सोड," मी म्हणाले, "मी हाय. माझ्या घरात माझ्या इचाराशिवाय माशी आत येत न्हाई, गोळी कुटनं येतीय?"

दुसऱ्या दिवशी मी घरातली सगळी पाकिटं चुलीत घातली. मेडिकलवाल्याला जाऊन सांगितलं, ह्यांना गोळी दिलीस तर तुझ्या दुकानापुढं बसून गाव गोळा करीन. सदऱ्याचे खिसे, टोपीची घडी, गादीखालची जागा, रोज सकाळ-संध्याकाळ झडती. इंद्रायणी तांदळाची पातळ पेज, जिरं घालून, दिवसातून तीनदा. आणि आश्चर्य बघा, जळजळ नाहीच. मी विचारायची, "जळतंय का?" हे म्हणायचे, "न्हाई गं, तुझ्या पेजेनं पोट गार हाय." गुलाबी औषधाची बाटली चौदा दिवस फडताळात तशीच राहिली, तिचं बूचसुद्धा मोडलं नाही.

शेजारची गंगूबाई मला म्हणाली होती, "इंदे, गाठ हाय तर काढून टाका की. आकडं काय बघत बसलाय?" मी तिला म्हणाले, "तुला तुझ्या म्हशीचा गाभ वळखता येत न्हाई, आन् माझ्या मालकाची गाठ वळखायला निघाली व्हय?" आणि वर पेजेची कृती सांगितली. सगळ्या आळीला सांगितली. डॉक्टर म्हणत होते जळजळ वाढेल, आणि इंदूबाईच्या पेजेनं ती पळाली!

पाडव्याच्या आदल्या दिवशी उपाशीपोटी रक्त दिलं. आठवड्यानं कागद आला. शंभराच्या आत पाहिजे होतं, आलं चारशे साठ.

डॉक्टरणीनं कागद दोनदा वाचला. "आकडा वाढलेला आहे. म्हणजे गाठ बहुतेक गरीब जातीची दिसते. पण आजी, गोळी नक्की बंद होती ना? पूर्ण चौदा दिवस?"

प्रश्न ह्यांना होता. हे पायाच्या अंगठ्याकडं बघत होते. उत्तर मी दिलं. "बंद म्हंजी बंद. मी साक्षी हाय."

"मग घाई नको. गोळी परत चालू करा. दोन महिन्यांनी दुर्बिणीतून परत बघू आणि तेव्हाच काढायचं ठरवू."

येताना अभयनं चांदणी चौकातून दोन किलो पेढे घेतले. मी स्वतः घरोघर वाटले. विहारात दिले. गंगूबाईला एकाऐवजी दोन दिले आणि म्हणाले, "घे, गोड खा. तोंड जरा कमी वाजंल."

ह्यांनी पेढा खाल्ला नाही. मला वाटलं, आजारी माणूस आहे, नसेल जात.

तीन आठवडे असे गेले. वरच्या कडेच्या खोलीत आशालता राहते, अमरावतीकडची, एका कंपनीच्या ऑफिसात हिशेब बघते. चाळिशीची बाई, एकटी, स्वच्छ, वेळेवर उठणारी. एका रविवारी गच्चीवर ती चादरी वाळत घालत होती आणि मी कुरडया. तिनं सहज विचारलं, "काकू, काकांचं पोट बरं हाय न जी आता?"

"बरं हाय की. का गं?"

"नाही, रोज सकाळी टाकी पाहाले आले की माह्या दारावर थांबत. गोळी मागत. मले बी ॲसिडिटीचा त्रास हाय, माह्याकडं पाकीट असतेच. मंग एकदमच येणं बंद झालं, तर म्हटलं विचारावं."

माझ्या हातात कुरडईचा साचा होता. मी तो दाबतच राहिले. एकाच जागी सगळा चीक पडला.

"कवा येत हुते?"

"पाडव्याच्या आधी. दोन हप्ते तरी. म्हणत, तुह्या काकूले देशी औषधाचं खूळ लागलंय, गोळ्या चुलीत टाकल्या, तिले सांगू नको." मग तिला माझं तोंड दिसलं असावं. "काकू? माह्याकडून काही चुकलं का?"

"न्हाई," मी म्हणाले. "तुजं काय न्हाई चुकलं."

कुरडया तशाच टाकून मी खाली आले. जिना उतरताना पायऱ्या मोजल्या तेवढं आठवतं, सोळा. डोक्यात दुसरं काही येईना. पेज आठवली. बाटलीचं न मोडलेलं बूच आठवलं. पेढे आठवले. म्हणजे तो आकडा गोळीचा होता. म्हणजे गाठ गरीब का वाईट हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि आम्ही तिला दोन महिने दिले होते वाढायला. त्यातले तीन आठवडे तिनं घेतले होते. आणि चौदा दिवस मी खालच्या गाद्या उलट्यापालट्या करत होते तेव्हा हा माणूस माझ्या डोक्यावर, माझ्याच गच्चीवर, माझ्याच भाडेकरणीच्या दारात हात पसरून उभा होता. आणि वर मी खुळी!

जेवायची वेळ होती. मी वाढलं. भाकरी, आमटी, भात. एक शब्द बोलले नाही. अभयनं दोनदा वर बघितलं. सून मोनिका म्हणाली, "आत्या, बरं वाटत न्हाई का?" अठ्ठेचाळीस वर्षांत ह्या घरात मी गप्प बसून कुणी जेवलं नव्हतं. ह्यांचा घास हातातच राहिला. त्यांना कळलं.

ताटं उचलल्यावर मी समोर बसले. "आशाकडनं गोळ्या घेतल्या?"

हे म्हणाले, "घेतल्या."

नाही म्हणाले असते तर मला ओरडायला तरी आलं असतं. हो म्हणाले, आता ओरडू कशावर? अभय मध्ये पडला. "आबा, जळजळ सोसली न्हाई का? सांगायचं न्हाई व्हय? ते गुलाबी औषध हुतं की."

"जळजळीसाठी न्हाई घेतल्या," हे म्हणाले. "आकड्यासाठी घेतल्या."

कुणाला काही कळेना. मग ते सांगायला लागले, आणि सांगताना त्यांच्या आवाजात शरम कमी आणि हुशारी जास्त होती. तरुणपणी हे मोजणीवाल्यांच्या मागं साखळी ओढायला जायचे. रानं कंपन्यांना जाणार होती, तेव्हा गावात रोज कुणाची ना कुणाची मोजणी. मोजणारा येणार त्याच्या आदल्या दिवशी लोक हद्दीचा दगड चार पावलं पुढं सरकवून ठेवायचे. मोजणारा बिचारा सरळ मोजायचा. साखळी खरी, कागद खरा, दगड तेवढा खोटा. "डाक्टरीण म्हणाली, आकडा मोठा आला तर पोट कापायचं न्हाई. आन् गोळी घेतली की आकडा मोठा हुतो. तिनंच सांगितलं. मी आदल्या दिवशी दगड सरकवला. सगळ्यांनीच सरकवलाय गावात."

"आवो," मी म्हणाले, "रानातला दगड सरकवला तर शेजाऱ्याचं रान जातंय. हितं शेजारी कोन हाय? हितं रान बी तुमचं आन् जानार बी तुमीच."

"कोंडिबादादाला उघडला आन् काय झालं?" ते एकदम ओरडले. "आत हवा लागली. हवा लागली की पसरतंय ते. चार म्हैन्यांत गेला. मी त्याचं वट्यावरचं मढं बघितलंय, इंदे. निम्मा झाला हुता. मला न्हाई उघडून घ्यायचं. हाय ते हाय, झाकून राहू दे."

कोंडिबा म्हणजे माझे थोरले दीर. त्यांनाही कॅन्सरच होता. मला एवढं मात्र दिसलं की हुशारी वगैरे वरची साल होती. आत माणूस भीतीनं पांढरा पडला होता, आणि तीन महिने माझ्या शेजारी बसून जेवत होता, आणि मला त्यातलं काही दिसलं नव्हतं. मी खिसे तपासत होते.

अभय मला पडवीत घेऊन गेला. "आई, ऐक. सगळा आकडा गोळीचाच असंल असं कुटं हाय? निम्मा गाठीचा बी असंल. गाठ खरंच गरीब असंल. दोन म्हैन्यांनी बघणारच हायेत की. आता जाऊन सांगितलं तर लगीच कापाकापी. कशाला उकरतीस?"

खोटं कशाला सांगू, मलाही ते बरं वाटलं. दूध उतू जायला लागतो तेवढा वेळ मी तिथं उभी राहून तोच विचार केला. आकडा आहे, कागद आहे, पेढे वाटून झालेत. गप्प बसलं तर कुणाला कळणार नाही, माझी साक्षही खरी राहील. मग मनात आलं, ह्यांनी फसवलं डॉक्टरणीला आणि मला. गाठीला कुठं फसवलं? तिनं कागद वाचलेला नाही.

सोमवारी अभय गाडी काढेना. मी दोन बस बदलून एकटी बावधनला गेले. नंबर लागेपर्यंत बाकावर बसले आणि आत गेल्या गेल्या म्हणाले, "पोरी, मी त्या दिवशी खोटं बोलले."

सगळं सांगितलं. गोळी, आशालता, दगड. ती हसेल असं मला वाटलं होतं, दगडाचं ऐकून कुणीही हसलं असतं. ती हसली नाही. तिचा चेहरा उतरला. समोरचा पेशंटचा कागद तिनं उपडा ठेवला.

"आजी, मी त्या आकड्यावर दोन महिने दिले," ती म्हणाली. "त्याआधी मी विचारायला हवं होतं, गोळी सोडल्यावर जळजळ झाली का म्हणून. बारा वर्षांची गोळी सोडली आणि काहीच झालं नाही, असं सहसा होत नाही."

"इचारलं असतंस तर मी तुला पेजेची कृती सांगितली असती," मी म्हणाले.

तेव्हा ती जराशी हसली. मी तिला हवेचं विचारलं. ती म्हणाली, हवा लागून कॅन्सर पसरत नाही. पसरल्यावर पोट उघडलं की लोकांना वाटतं उघडल्यानं पसरला. उशीर आधीच झालेला असतो. मग मी आणखी एक विचारलं, जे मला बस बदलताना सुचलं होतं. बारा वर्षं गोळीनं मुकादमाला ओरडायला लावलं, तर गाठ त्या गोळीनंच झाली का? ती म्हणाली, ह्याचं पक्कं उत्तर अजून कुणाकडं नाही, शोधणारे शोधतायत. पण बारा वर्षं कुणाला न विचारता घेणं हे चूकच. हे वाक्य मी खाली मान घालून ऐकलं, कारण त्यात मीही होते.

तिनं सिटी स्कॅन लिहून दिलं आणि परत चौदा दिवस. "ह्या वेळी कसं करणार?" तिनं विचारलं.

मी काही वचन दिलं नाही. माझ्या वचनाचं काय झालं ते आम्ही दोघींनी बघितलं होतं.

घरी येताना मेडिकलमधून गोळ्यांचं एक पाकीट विकत घेतलं. मेडिकलवाला माझ्या तोंडाकडं बघत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ह्यांच्या पुढं चहा ठेवला, पाण्याचा तांब्या ठेवला, आणि शेजारी ते पाकीट. आशालतालाही बोलावून घेतलं.

"हे बघा," मी म्हणाले. "आता झडती न्हाई. मेडिकलवाल्याला दम न्हाई. घ्यायची असंल तर हितं, आमच्या म्होरं घ्या. पोरीच्या दारात भीक मागायची न्हाई. आन् डाक्टरीण म्हनली, हवेनं पसरत न्हाई. कोंडिबादादांना उशिरा उघडलं. तुमाला त्याच वाटंनं जायचंय का, ते तुमी ठरवा."

ते चहा प्यायले आणि टाकी बघायला गेले. मागून आशालताही वर गेली, तिला ऑफिसची तयारी करायची होती. मी जिन्याकडं कान लावला नाही. खोटं सांगत नाही, लावावासा लई वाटला.

तिसऱ्या दिवसापासून जळजळ सुरू झाली. आता कळलं, बारा वर्षांनी गोळी सोडली की काय होतं. दुपारी हे पायरीवर गुडघे पोटाशी घेऊन बसायचे. कपाळावर घाम. गुलाबी औषधाची बाटली चार दिवसांत संपली, मोनिकानं दुसरी आणली. पेज केली तर पेज बाहेर आली. मी शेजारी बसून लसूण सोलायची, दुसरं काय करणार? त्या माणसाकडं बघवायचं नाही, म्हणून मी मुद्दाम भराभर सोलायची. त्या चौदा दिवसांत आमच्या घरी इतका लसूण सोलून झाला की मोनिकानं चटणी करून भाडेकरूंना वाटली.

सहाव्या दिवशी सकाळी त्यांनी पाकीट उचललं. उलटसुलट केलं. एका गोळीवर अंगठा ठेवला. मी भाकरी थापत होते, थापायची थांबले नाही.

"इंदे, लई जळतंय गं."

"जळू द्या," मी म्हणाले. "ते तरी खरं हाय."

त्यांनी पाकीट खाली ठेवलं आणि तांब्यातलं पाणी प्यायले.

त्याच दिवशी दुपारी मी गंगूबाईकडं गेले. पेढे परत मागता येत नाहीत, पण शब्द परत घेता येतो, आणि तो घेताना काय वाटतं ते मला पहिल्यांदा कळलं. "गंगे, तू म्हनत हुतीस ते बरोबर हुतं," मी म्हणाले. ती चाट पडली. ह्यावर माझ्याशी कसं भांडायचं ते तिला कळेना, म्हणून तिनं मला चहा दिला.

चौदा दिवस झाले. रक्त दिलं, स्कॅन झालं, आठवड्यानं बोलावलं. ह्या वेळी अभयनं गाडी काढली.

डॉक्टरणीनं कागद आमच्याकडं फिरवला. मला आकडे वाचता येतात. अठ्ठावन्न.

चारशे साठाचे अठ्ठावन्न. म्हणजे मुकादम त्याच्या जागी गुमान बसला होता आणि गाठ आपली आपण वाढत होती. तिला कुणी सांगायची गरजच नव्हती. मी आकड्याकडं बघत राहिले. मला वाटत होतं मी तयारीनं आलेय, पण अशा गोष्टीला तयारी नसते. अभय खुर्चीत मागं रेलला आणि त्यानं दोन्ही हात तोंडावर घेतले. पडवीत उभा राहून तो जे म्हणाला होता, ते त्याच्या डोक्यात चाललं असणार.

"लिव्हरवर काही नाही," डॉक्टरीण म्हणाली. "पोटाशेजारच्या एका ठिकाणाची शंका आहे, ती ऑपरेशनमध्येच कळेल. आज वेळ आहे. आणखी उशिरा आला असतात तर असता का, ते मला सांगता आलं नसतं. पुढच्या आठवड्यात करू या. पोटाचा बराच भाग जाईल. थोडं थोडं, सहा-सात वेळा खायची सवय करावी लागेल. माणसं जगतात तशी, आजोबा, कामंही करतात."

तिनं संमतीचा कागद ह्यांच्या पुढं सरकवला आणि पेन ठेवलं. ह्यांनी दोन्ही हात टेबलाखाली नेले, मांडीवर ठेवले.

"मला घरी जाऊ द्या," ते म्हणाले. "माझं पोट हाय. मी काय करायचं ते मी बघीन. इंदे, चल."

डॉक्टरीण माझ्याकडं बघायला लागली. अभयही बघायला लागला. मी चपला नीट केल्या, खुर्ची ह्यांच्याकडं वळवली आणि त्या खोलीत, बाहेरच्या बाकावरच्या लोकांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात बोलले.

"लबाड मानूस हाय तुमी, आन् भित्रा बी. मला भाडेकरणीपुढं खुळी ठरवली, डाक्टरणीपुढं खोटी पाडली, गंगीच्या दारात मान खाली घालायला लावली. ह्यातलं एक बी मी इसरनार न्हाई. रोज सकाळी चहाबरोबर ऐकवीन, पावनंरावळं आलं की त्यांच्यापुढं ऐकवीन, आनखी पंधरा-ईस वर्सं ऐकवीन, आन् तुमी समोर बसून ते ऐकायचं, हीच तुमची शिक्षा. मरून सुटायची सोय मी ठेवलेली न्हाई. हात वर काढा आन् करा सही."